लाकडी पॅलेट घरी आणताय? आमचे अनुभव लिहितो, तुमचेही लिहा

कळंबाकाठ (रविवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी,

गोकुळ शिरगाव, शिरोली नाहीतर कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीकडं जाताना भंगारवाल्यांच्या दारात लाकडी पॅलेटची थप्पी लागलेली दिसते. यंत्रं, कास्टिंग, रसायनांचे ड्रम, फरशीची खोकी ज्यावर बसून येतात ते हे पॅलेट. माल उतरला की त्यांचं काम संपलं, मग ते कुणाच्या तरी बंबात जातात. गेली चार वर्षं मी त्यातले काही घरी आणतोय. मागच्या अंगणात भाजीचे वाफे, कंपोस्टचा एक खण, आईला बसायला बाक आणि दारातला चपलांचा मांड एवढं त्यातून झालं. या आठवड्यात दोघातिघांनी विचारलं म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. चुकलं तेही लिहितो, कारण त्याचाच उपयोग जास्त होईल.

सुरुवातीला एका कारखान्यातून तीन पॅलेट फुकट मिळाले. फुकट म्हटल्यावर मी काही तपासलंच नाही. छोटा हत्ती केला, घरी आणले, पट्ट्या काढल्या आणि वाफे ठोकले. मेथी पेरली, पालक पेरला. मेथी चार बोटं वर आल्यावर आई खुडायला बसली आणि बसल्या जागेवरूनच म्हणाली, "अरे, या फळीला वास येतोय." मी नाक लावलं, मला काही कळेना. दुपारी ऊन चढल्यावर परत गेलो. तापलेल्या फळीतून थिनरसारखा वास सुटला होता. आतल्या कडेला तळहाताएवढा काळपट डाग होता, बोट लावलं की चिकटायचं. कसला तरी ड्रम तिथं गळला असणार. ती मेथी आम्ही खाल्ली नाही. वाफा मोडला, फळीलगतची मातीही काढून टाकली. आईचं नाक नसतं तर ती भाजी आमच्याच ताटात आली असती, हे अजून डोक्यातून जात नाही.

त्यानंतर पॅलेट उचलायच्या आधी मी शिक्का शोधतो. ठोकळ्यावर किंवा बाजूच्या जाड लाकडावर तो भाजून नाहीतर शाईनं मारलेला असतो. चौकटीत एकीकडं गव्हाच्या ओंबीसारखं चित्र. शेजारी देशाची दोन इंग्रजी अक्षरं (आपली आय आणि एन), प्रक्रिया करणाऱ्याचा नंबर आणि शेवटी प्रक्रियेची अक्षरं. आपल्याला बघायची ती ही शेवटची अक्षरं. एच-टी म्हणजे लाकूड भट्टीत तापवलेलं, अगदी गाभ्यात ५६ अंश सेल्सिअस, सलग ३० मिनिटं. डी-एच म्हणजे मायक्रोवेव्हसारख्या लहरींनी तापवलेलं. ही दोन्ही मी घेतो. एम-बी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड वायूची धुरी दिलेलं. हा वायू विषारी आहे, शिवाय ओझोनचा थर विरळ करतो म्हणून मॉन्ट्रियल करारानं त्यावर बंधनं आणली आणि युरोपीय संघानं २०१० पासून तो बंद केला. असा पॅलेट मी घरात, वाफ्यात, चुलीत कुठंच नेत नाही. एस-एफ हीसुद्धा धुरीच, तोही नको. डी-बी दिसलं तर घाबरू नका, साल काढलीय एवढाच त्याचा अर्थ.

हा सगळा खटाटोप किड्यांपायी आहे. १९९६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाडं पोखरणारा लांब मिशांचा एक भुंगा सापडला. तो मूळचा चीनकडचा, मालाच्या लाकडी खोक्यांतून तिकडं पोचलेला. असल्या किडींना आळा घालायला २००२ मध्ये आयएसपीएम १५ हा आंतरराष्ट्रीय नियम झाला. म्हणजे शिक्का लागतो तो देशाबाहेर जाणाऱ्या-येणाऱ्या लाकडाला. पुणे-कोल्हापूर फिरणाऱ्या पॅलेटवर शिक्का नसला तर तो वाईटच असं नाही, पण त्याचं मागचं काही कळत नाही. अशाचं मी कुंपण करतो, भाजीला वापरत नाही.

आणि हे नीट लक्षात घ्या : लाकडावर प्रक्रिया काय केली ते शिक्का सांगतो. त्यावर नंतर काय सांडलं ते सांगत नाही. आमच्या त्या वासाच्या पॅलेटवर चांगला ठसठशीत एच-टी होता.

वाळवीचंही तसंच. भट्टीत तापवल्यानं त्या वेळी आत असलेली कीड मरते, पुढची राखण होत नाही. माझा दुसरा वाफा थेट जमिनीवर टेकवला होता. एका पावसाळ्यात खालची फळी आतून पोकळ झाली, वरून रंग जसाच्या तसा. आता प्रत्येक कोपऱ्याखाली दोन विटा आणि वर शहाबादी फरशीचा तुकडा ठेवतो. वाळवीला वर चढायचं झालं तर विटेवरून मातीची रेघ काढावी लागते, ती डोळ्याला दिसते आणि खराट्यानं पाडता येते.

पावसाळ्याआधी तुम्ही लाकडाला काय लावता ते जरूर लिहा. त्यात मी अजून शिकतोय.

शिरोलीपूल (रविवार, रात्री १०.१५)

चांगला विषय काढलास भावा. मी फौंड्रीत स्टोअरला आहे, रोजचा संबंध येतो म्हणून सांगतो. रेझिन, हार्डनर, कोटिंगचे ड्रम ज्यावर येतात ते पॅलेट कितीही कोरे दिसू देत, घरी नेऊ नका. नवीन मशीन ज्यावर बसून येतं ते लाकूड सगळ्यात भारी. बऱ्याचदा पाइनचं, एकदाच वापरलेलं, त्यावर तेलाचा थेंब नाही. ते मिळालं तर सोडू नका. देशी पॅलेटमध्ये सिल्व्हर ओक, रबर, निलगिरी आणि ज्याला नुसतं 'जंगली' म्हणतात ते सगळं मिसळलेलं असतं. एकाच पॅलेटमध्ये तीन जातींच्या पट्ट्या निघतात.

निळे रंगवलेले पॅलेट भाड्याचे असतात, ते मालकाला परत जायचे असतात. भंगारवाला देतोय म्हणून घेऊ नका, ती दुसऱ्याची वस्तू आहे.

आणि फुकट मिळाले तरी गेटपास करून घ्या. 'रिकामे लाकडी पॅलेट, नग ४' असं लिहून स्टोअरची सही घेतली की गेटवर कुणी अडवत नाही. तोंडी सांगण्यावर नेले तर ज्यानं दिले त्याच्या नोकरीवर येतं. असा एक पोरगा मी बघितलाय.

उंबरठा (रविवार, रात्री १०.५०)

हे वाचून पोटात गोळा आला. गेल्या दिवाळीत आम्ही लेकीला अभ्यासाला पॅलेटचं बैठं टेबल करून दिलं. ती दिवसभर त्यावरच असते, खाणंही तिथंच. शिक्का वगैरे आम्हाला माहीतच नव्हतं. पॉलिश पेपर मारून सगळं गुळगुळीत केलंय. आता काय बघायचं?

कळंबाकाठ (रविवार, रात्री ११.०५)

ताई, लगेच घाबरू नका. शिक्का बहुतेक समोरासमोरच्या दोन बाजूंवर मारलेला असतो, त्यामुळं एक घासला गेला तरी दुसरा सापडू शकतो. टेबल उलटं करा, ठोकळ्यांच्या आतल्या बाजू ओल्या फडक्यानं पुसा आणि बॅटरीचा उजेड तिरका पाडा. भाजलेला शिक्का घासला तरी खळगा उरतो. सापडेपर्यंत खाणं तेवढं दुसरीकडं.

गच्चीवाली (सोमवार, सकाळी ७.३०)

दादा, आमच्याकडं अंगण नाही, राजारामपुरीत जुन्या दुमजली घराची गच्ची आहे. तिथं पॅलेटचे वाफे करून फूटभर माती भरली तर चालेल का? वांगी, टोमॅटो लावायचे आहेत.

रंधा_पटाशी (सोमवार, सकाळी ८.१०)

वडिलांचं सुतारकीचं दुकान होतं, मीही हात चालवतो. मोळ्यांबद्दल, म्हणजे खिळ्यांबद्दल, कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण खरा घाम तिथंच निघतो.

पॅलेटचे मोळे साधे नसतात. पिळाचे नाहीतर कड्याकड्यांचे असतात आणि बंदुकीनं मारलेले असतात. जंबुरात डोकं धरून ओढायला गेलात तर डोकं तुटतं. पहार घालून फळी उचकटली तर ती टोकाला चिरते, आणि टोकाला चिरलेली फळी पुढं कुठंच नीट बसत नाही. मी असं करतो : फळी आणि ठोकळा यांच्या फटीत पटाशी ठोकून करंगळीच्या नखाएवढी जागा करायची. त्यात हॅक्सॉ ब्लेड घालून मोळाच कापायचा. पान आडवं फिरतं, लाकडाला धक्का लागत नाही. एक मोळा मिनिटाभरात तुटतो. कापताना आधी करकर आवाज येतो, शेवटी एकदम मोकळा होतो, तेव्हा फळी हातात सुटून येते. मोळ्याचं डोकं फळीत राहतं. ते राहू द्यावं, जुन्या लाकडावर ते काळं टिंब शोभतं. फक्त त्या फळीवर रंधा मारायच्या आधी लोहचुंबक फिरवा. आत राहिलेला एक मोळा रंध्याच्या पात्याला असा खाच पाडतो की धार लावण्यात अख्खी सकाळ जाते.

युरो पॅलेट मिळाला (१२०० बाय ८०० मिलिमीटर, वजन साधारण २५ किलो), तर त्यात ७८ मोळे असतात. ते धरूनच कामाला बसा. घाई झाली तर मोळे सोडून द्या, ठोकळ्याच्या दोन्ही अंगांनी करवत चालवून मधल्याच फळ्या काढा. लांबी कमी मिळते, पण चपलांच्या मांडाला तेवढी पुरते.

जाड बूट, हातमोजे, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं. घासताना तोंडाला मास्क, विशेषतः मशीननं घासत असाल तर.

ओळंबा (सोमवार, दुपारी १.२०)

@गच्चीवाली, ताई, थांबा. मी बांधकामातला माणूस आहे, आधी हिशेब बघा.

वाफा १.२ बाय १ मीटर आणि माती ३० सेंटीमीटर धरली तर ०.३६ घनमीटर माती होते. ओली माती घनमीटरला १६०० ते १८०० किलो भरते. म्हणजे एका वाफ्यात पाऊस पडल्यावर ६०० किलोच्या आसपास वजन, चौरस मीटरला ५०० किलो. वावर असलेल्या गच्चीसाठी आयएस ८७५ मध्ये (इमारतीवर किती भार धरायचा ते सांगणारं भारतीय मानक) धरायचा भार चौरस मीटरला १५० किलो आहे. तिप्पट जातंय. जुन्या घराची सळई किती गंजलीय ते वरून दिसत नाही.

मातीऐवजी कोकोपीट, कंपोस्ट आणि कुजलेलं उसाचं पाचट यांचं मिश्रण घ्या, सहा इंचच भरा. आपल्याकडं पाचटाला तोटा नाही. वाफे गच्चीच्या मध्यावर नकोत, खाली भिंत किंवा बीम असेल त्या रेषेवर ठेवा. पॅलेट खालून उचललेला असतो हे गच्चीला चांगलं, पाणी वाहून जातं आणि वॉटरप्रूफिंगवर ओल बसून राहत नाही. सहा इंचात पालेभाजी, मुळा, मिरची छान येते. वांगी-टोमॅटोला खोल लागतं, त्यांना भिंतीलगत वेगळ्या कुंड्या करा. आणि घर जुनं आहे म्हणताय, तर एकदा इंजिनिअरला वर नेऊन दाखवाच.

गच्चीवाली (सोमवार, दुपारी २.००)

बरं झालं विचारलं. मातीची ट्रॉली सांगायलाच निघालो होतो.

मळ्यातला (सोमवार, सायंकाळी ६.४५)

आमच्या गोठ्याच्या लाकडांना ट्रॅक्टरचं जळकं ऑइल लावतोय, वर्षानुवर्षं. वाळवी जवळ येत नाही. खर्च शून्य. पॅलेटला तेच लावावं.

कळंबाकाठ (सोमवार, रात्री ८.३०)

@मळ्यातला, काका, भाजीच्या वाफ्याला मात्र नको, हात जोडून सांगतो. जळक्या ऑइलमध्ये इंजिनातले झिजलेले धातू उतरलेले असतात, अर्धवट जळालेली घातक द्रव्यंही असतात. पावसानं ते मातीत जातं. तिथंच आपण कोथिंबीर उपटतो. एका डागापायी मी अख्खा वाफा मोडला, मग सगळ्या वाफ्याला हातानं ऑइल कसं फासू? आणि गोठ्यातही जनावर लाकूड चाटतं, तिथंसुद्धा विचार करा.

मी डबल बॉइल्ड जवसाचं तेल लावतो, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. मेच्या कडक उन्हात फळी तापलेली असताना दोन हात. पण त्यात एक धोका आहे. तेल पुसलेली चिंधी मी एकदा बोळा करून स्टोअररूमच्या कोपऱ्यात टाकली. तासाभरानं झाडू घ्यायला गेलो तर बोळा हाताला चटका बसेल इतका गरम. जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं, त्यातून उष्णता निघते. चिंधी चुरगळलेली असली की ती उष्णता आत कोंडते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. शेजारीच थिनरचा डबा होता. तेव्हापासून चिंध्या अंगणात तारेवर पसरून कडक वाळू देतो, मगच टाकतो. कृपा करून हे वाचून सोडून देऊ नका.

चंदगडी (सोमवार, रात्री ९.१०)

आमच्या चंदगड-आजऱ्याकडं काजूचे कारखाने आहेत. काजूच्या टरफलाचं तेल निघतं, काळंकुट्ट. कोकणात होड्यांना आणि घराच्या वाशांना ते पूर्वापार लावतात. लाकूड खरंच टिकतं. आमच्या परसातल्या खांबांना वडिलांनी लावलंय. फक्त कातडीला लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात, म्हणून कोपरापर्यंत हातमोजे हवेत आणि लेकरं लांब हवीत. बाकाच्या पायांना, कुंपणाला लावा. बसायच्या फळीला नको, भाजीच्या फळीलाही नको.

रंधा_पटाशी (सोमवार, रात्री ९.४०)

घरातल्या वस्तूंसाठी एक सांगतो. फळीला बारीक भोकं दिसली आणि खाली पिठासारखा भुसा पडला तर आत भुंगा आहे. टाकणखार आणि बोरिक पावडर गरम पाण्यात विरघळवून कोऱ्या लाकडाला दोन-तीनदा पाजायचं, वाळल्यावर पॉलिश. पण हे पावसानं धुऊन जातं आणि मातीत जास्त झालं तर रोपं करपतात, म्हणून फक्त आतल्या वस्तूंना.

खासबाग (सोमवार, रात्री १०.००)

नाद खुळा धागा. वाचनखूण साठवली.

बावडा_नदीकाठ (मंगळवार, सकाळी ६.५०)

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात पंचगंगा शिरली. त्या आधी शहाणपण म्हणून आम्ही धान्याची पोती आणि फ्रीज पॅलेटवर चढवून ठेवला होता. पाणी गुडघ्यापर्यंत आलं तेव्हा बरं वाटलं. आणखी वर आल्यावर पॅलेट तरंगायला लागले. फ्रीज कलंडला, पोती पाण्यात. लाकूड तरंगणारच, हे त्या वेळी सुचलं नाही. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं तेव्हा पॅलेट नव्हतेच, सिमेंटचे ब्लॉक रचून वर लोखंडी पलंग ठेवला होता आणि त्यावर सामान. ते वाचलं.

नदीकाठच्या सगळ्यांना सांगणं आहे, सामान चढवायला पॅलेट वापरू नका. वापरलात तर खिडकीच्या गजाला बांधा. आणि पुरात बुडालेला पॅलेट वाफ्याला घेऊ नका. त्या पाण्यात गटारं, पेट्रोल, मेलेली जनावरं, सगळं होतं. आम्ही आमचे सगळे टाकून दिले.

कळंबाकाठ (मंगळवार, सकाळी ७.४०)

@बावडा_नदीकाठ, तुमचा अनुभव मी वर मूळ लेखात जोडतो, परवानगी द्या. तरंगण्याची गोष्ट मलाही सुचली नव्हती.

कालपासून दोघांनी व्यक्तिगत निरोपात विचारलं की उरलेले तुकडे बंबात घालावेत का. कोऱ्या, एच-टी शिक्क्याच्या तुकड्यांना हरकत नाही. रंगवलेले, तेल प्यालेले, एम-बीचे आणि प्लायचे तुकडे नकोत. बंब आपल्या दारातच असतो, धूर आपल्याच घरात येतो. राखेतले मोळे वेचल्याशिवाय राख झाडाला घालू नका, अनवाणी पायाला लागतात.

कंपोस्टच्या खणाचंही कुणी विचारलंय. चार पॅलेट उभे करून कोपऱ्यात तारेनं आवळायचे, झालं. आत साधारण घनमीटरभर जागा होते, तेवढ्या ढिगात ऊब नीट धरते आणि फटींतून हवा खेळते. समोरचा पॅलेट एकाच बाजूला बांधा, दारासारखा उघडतो. जूनपासून वर पत्र्याचा तुकडा हवाच, नाहीतर आपल्या पावसात सगळ्याचा चिखल होऊन वास मारतो. वाफ्यांना आतून किलतान (गोणपाट) लावतो, माती फटींतून गळत नाही आणि पाणी अडत नाही.

उंबरठा (मंगळवार, रात्री ९.२०)

दादा, आत्ता टेबल उलटं केलं. नवरा बॅटरी धरून बसला होता, मी फडक्यानं पुसत होते. नऊ ठोकळे आहेत. सहावर काहीच नाही. दोनवर एच-टी स्पष्ट दिसला, ओंबीसकट, आय-एनसकट. नववा ठोकळा वेगळ्याच लाकडाचा निघाला, रंग गडद आणि मोळेही नवे, नंतर बदललेला असणार. त्यावर अर्धा शिक्का आहे. ओंबी दिसते, पुढचं कापलं गेलंय आणि शेवटी एकच अक्षर उरलंय, ते बी आहे. डी-बीचा बी की एम-बीचा, कळायला मार्ग नाही.

कळंबाकाठ (मंगळवार, रात्री ९.३५)

ताई, तो ठोकळा काढाच. कोपऱ्यातला आहे का मधला?

उंबरठा (मंगळवार, रात्री ९.४५)

कोपऱ्यातला. टेबल अंगणात नेऊन ठेवलंय. लेक रुसली, तिला जमिनीवर चटई घातली आहे. @रंधा_पटाशी, दादा, फळी न चिरता एकच ठोकळा काढायचा तर हॅक्सॉ ब्लेड वरच्या बाजूनं घालू की खालच्या?

रंधा_पटाशी (मंगळवार, रात्री १०.०५)

आधी खालच्या. खालची पट्टी मोकळी झाली की ठोकळा हलायला लागतो, मग वरचे मोळे सोपे जातात. नवा ठोकळा सागाचा माझ्याकडं पडलाय, चार बाय चारचा, त्यातून हवा तेवढा कापून देतो. उंची मोजून कळवा, रविवारी येऊन बसवून देतो.

उंबरठा (मंगळवार, रात्री १०.१०)

७८ मिलिमीटर. दोनदा मोजलं.